पाणी आधी दिसतं की ‘पाणी’ हा शब्द? नदीचं चित्र शिकताना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘प्रत्यक्ष’ या प्रमाणाबद्दल बोललो. निर्विकल्पक म्हणजे काय, सविकल्पक म्हणजे काय, बौद्ध आणि नैयायिक यांचं भांडण नेमकं कशावरून, हे सगळं झालं. आज तीच चर्चा पुढे न्यायची आहे, पण ग्रंथ बाजूला ठेवून. आम्ही पनवेलातले पाच-सहा निवृत्त लोक गेली काही वर्षं रविवारी सकाळी गाढी नदीच्या काठी तैलरंगात निसर्गचित्र काढायला शिकतो आहोत. शिकवणारे गृहस्थ जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, वयाने आमच्या निम्मे. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणतो, तेही आम्हाला ‘सर’ म्हणतात, त्यामुळे नदीकाठी नुसता सर-सर चाललेला असतो. तर तिथे जे शिकायला मिळतं ते चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या विषयाला येऊन भिडतं, म्हणून आजचं हे व्याख्यान.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ज्याला जग इंप्रेशनिझम म्हणतं त्याला मराठीत आपण ‘दृक्‌प्रत्ययवाद’ म्हणतो. १८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी सरकारमान्य प्रदर्शनाला फाटा देऊन स्वतःचं प्रदर्शन भरवलं. नादार नावाच्या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ त्यासाठी मिळाला. त्यात क्लोद मोने यांचं ल आव्र बंदराचं १८७२ सालचं एक सकाळचं चित्र होतं, नाव ‘इंप्रेशन, सूर्योदय’. लुई लरॉय या टीकाकाराने त्या नावावरून सगळ्यांची टर उडवली आणि ती शिवीच पुढे या पंथाचं नाव झाली.

आता गंमत पाहा. इंप्रेशन म्हणजे ठसा. मेणावर शिक्का मारावा तसा बाहेरचा प्रकाश डोळ्यावर उमटतो, त्यात आपलं काही कर्तृत्व नाही. डेव्हिड ह्यूमने १७३९ साली हा शब्द तत्त्वज्ञानात रुजवला तो याच अंगाने: मनावर आधी ताजे ठसे, मग त्यांच्या फिकट प्रती म्हणजे कल्पना. आपल्याकडे मात्र ज्याने कोणी ‘दृक्‌प्रत्यय’ हा शब्द घडवला त्याने वेगळीच गोष्ट केली. प्रत्यय हा नुसता ठसा नव्हे. प्रत्यय म्हणजे ज्ञान, प्रतीती. ‘मला प्रत्यय आला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात ओळख असते, खात्री असते. म्हणजे भाषांतर करताकरता मराठीने वादात एक बाजूच घेऊन टाकली! ती बाजू बरोबर की चूक, हे ब्रश हातात घेतल्यावर कळायला लागतं.

नव्याने शिकणारा माणूस नदीकाठी बसला की काय करतो? पाणी निळं रंगवतो. समोरची गाढी पावसाळ्यात चहासारखी तांबूस असते, नोव्हेंबरात हिरवट, पण हात जातो निळ्या नळीकडेच. झाड हिरवं, खोड तपकिरी, डोंगर काळा, ढग पांढरा. हे तो डोळ्यांनी पाहत नाही, पहिलीच्या पुस्तकातून पाहतो. दिङ्नागाने पंधराएकशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं की खरं प्रत्यक्ष कल्पनेपासून मुक्त असतं, आणि कल्पना म्हणजे वस्तूला नाव, जात, गुण चिकटवणं. ‘पाणी’ हे नाव चिकटलं की पाणी दिसायचं थांबतं. वाचताना हे सिद्धांतासारखं वाटतं. नदीवर ते साधं वर्णन आहे.

आमचे सर यावर एक उपाय करतात तो फार जुना आहे. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यायचा, त्याला मधोमध छोटं भोक पाडायचं आणि हात लांब करून एक डोळा मिटून भोकातून पाहायचं. भोकात झाड मावत नाही, नदी मावत नाही. फक्त रंगाचा एक तुकडा राहतो. नारळाची जी झावळी आपण हिरवी म्हणून शपथेवर सांगितली असती, ती उन्हात पुष्कळदा जवळजवळ राखी-निळसर निघते, कारण तिच्या तुकतुकीत पाठीवर आकाश चमकत असतं. सकाळच्या पिवळ्या उन्हातली मातीवरची सावली जांभळट निघते. माथेरानच्या रांगेतला प्रबळगड, जो आपण ‘काळाकभिन्न’ म्हणतो, तो पाऊस संपल्यावरच्या सकाळी आकाशापेक्षा किंचितच गडद असा निळा असतो. मधल्या आठ-दहा किलोमीटर हवेतून विखुरलेला प्रकाश त्याच्यावर पसरलेला असतो. मे महिन्यात तोच गड धुरकट पांढुरका होतो.

रंग वस्तूत नसतो हे एका कारखान्यात सिद्ध झालं. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा काळा दिसत नाही, रंग कच्चा आहे. त्यांनी तपासलं तर धागा उत्तम होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो मळकट दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ काढला: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात, प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. पिवळ्याशेजारी राखाडी ठेवा, ते जांभळट दिसेल. चित्रकारांनी हे उचललं. म्हणून आपल्या नदीच्या चित्रात उन्हाचा पिवळा पट्टा जिवंत करायचा असेल तर त्यात आणखी पिवळा घालून उपयोग नाही, शेजारची सावली थोडी जांभळी करायची. आम्हाला यात आपल्याकडचा ‘संबंधा’चा विचार आठवतो, पण त्या फाट्याला आज जायला नको.

पाण्याबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण नदीचं चित्र फसतं ते तिथेच. आपण काठावरून पायाशी सरळ खाली पाहतो तेव्हा पाण्यावर पडणाऱ्या प्रकाशातले शंभरातले जेमतेम दोन भाग परत येतात, बाकी आत जातात. म्हणून पायाशी गोटे, शेवाळ, चिखल दिसतो. नजर जसजशी लांब पलीकडच्या काठाकडे जाते तसतशी ती पाण्याला तिरकी होत जाते आणि परावर्तन वाढतं. पलीकडचं पाणी म्हणजे जवळजवळ आकाशच. एकाच नदीच्या पट्ट्यात अलीकडे मातीचा रंग आणि पलीकडे आकाशाचा, आणि मधे हा बदल कुठे होतो हे पकडणं म्हणजे पाणी रंगवणं. एकच निळा सरसकट फासला की नदीची सतरंजी होते.

दुसरं म्हणजे प्रतिबिंब. कागद दुमडून उलटा ठसा घ्यावा तसं ते नसतं. पाणी जे दाखवतं ते पाण्याच्या पातळीखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला दिसेल ते. म्हणून पुलाच्या कमानीचा तळ काठावरून आपल्याला दिसत नाही तो पाण्यात दिसतो, आणि झाडामागून डोकावणारा डोंगर पाण्यातल्या झाडामागे बुडून जातो. उजळ वस्तूचं प्रतिबिंब जरा गडद, गडद वस्तूचं जरा फिकट. आणि आम्हाला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ही, की नितळ पाण्यावर सावली पडत नाही. सावली पडायला प्रकाश अडवणारं काहीतरी लागतं, ते गढूळ पाण्यात असतं. जुलैच्या गाढीवर पुलाची सावली स्पष्ट पडते, डिसेंबरात ती शोधावी लागते.

उन्हाळ्यात गाढीचा बराच भाग डबक्यांवर येतो. तेव्हा आम्ही पाताळगंगेकडे वळतो, आपट्याच्या बाजूला. ती मे महिन्यातही वाहती असते, आणि त्याचं श्रेय पावसाला नाही. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून घाटावरचं पाणी खाली आणतं, वीज काढून झाली की ते पाणी पाताळगंगेत येतं. म्हणजे आपण जे ‘निसर्गचित्र’ काढतो त्यातला निसर्ग शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी सोडलेला आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कृती. कॅनव्हासवर आधी गेरूचा पातळ हात, म्हणजे पांढऱ्याची भीती जाते आणि हिरव्याखालून थोडी ऊब डोकावते. चार-पाच रेषांत काठ आणि क्षितिज. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ जागा आधी ठरवायच्या, मधलं नंतर. वरचे थर जाड आणि तेलकट, खालचे पातळ. हा क्रम उलटा झाला तर वरचा थर आधी घट्ट होतो आणि वर्षभरात भेगा जातात. कारण तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, वाळताना त्याचं वजन उलट वाढतं. कोकणच्या पावसाळ्यात हे काम रेंगाळतं आणि कपाटामागे ठेवलेल्या कॅनव्हासवर बुरशी येते, म्हणून चित्रं पंख्याच्या वाऱ्याला, भिंतीपासून सुटी ठेवायची. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पॅलेटवर काळा रंग ठेवायचा नाही. गडद हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर, किंवा व्हिरिडियन आणि अलिझरीन. रंग पूर्ण घोटायचे नाहीत, ब्रशावर दोन रंग अर्धवट मिसळलेले राहू द्यायचे. फटका मारला की त्याला परत हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, विशेषतः आम्हा मास्तर लोकांना. पेपर तपासल्यासारखं प्रत्येक फटका दुरुस्त करावासा वाटतो.

आणि वेळ. दीड तासाच्या वर एका चित्रावर बसायचं नाही, कारण सूर्य सरकला की समोर दुसरंच चित्र असतं. मोने यावर एकाच वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसत आणि प्रकाश बदलला की पुढचा उचलत. एप्त नदीकाठच्या पॉपलरच्या झाडांची त्यांची १८९१ ची मालिका आहे. त्यातल्या एका चित्राला हवा असलेला प्रकाश जेमतेम सात मिनिटं टिके, असं त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एका अमेरिकन चित्रकर्तीने नोंदवलं आहे. मालिका अर्धी असतानाच ती झाडं तोडायला विकली गेली. मोने यांनी लाकूड व्यापाऱ्याला पैसे देऊन चित्रं पुरी होईपर्यंत ती उभी ठेवली. चित्रं झाल्यावर झाडं पडली.

इथे श्रोत्यांमधून एकांनी विचारलं आहे: सर, मोबाइलवर फोटो काढून घरी रंगवलं तर काय बिघडतं? बिघडत काही नाही, पण मोबाइल तुमच्या आधीच नावं देऊन मोकळा झालेला असतो. हे आकाश, हे गवत, हा चेहरा, असं ठरवून तो रंग दुरुस्त करतो. जांभळट सावली त्याला दोष वाटतो आणि तो तो काढून टाकतो. म्हणजे दिङ्नागाच्या भाषेत, तुम्हाला मिळते ती दुसऱ्याने केलेली कल्पना.

हे सगळं फ्रेंचांचं, आपलं काय, असंही काहींना वाटेल. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मधून शिकून परत गावी गेले, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि १९३१ मध्ये वारले. पॅरिस न पाहता त्यांनी कोटीतीर्थाच्या परिसरातला प्रकाश तुटक तुटक फटक्यांत उतरवला. इंदूरला द. दा. देवळालीकर मास्तरांनी विद्यार्थ्यांना बाहेर उघड्यावर बसवून रंगाकडे पाहायला शिकवलं. त्यांच्या हाताखालून ना. श्री. बेंद्रे गेले आणि हुसेनही. मुंबईत १९३८ च्या सुमारास नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून वॉल्टर लँगहॅमर आले, टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाले, आणि त्यांच्या उजळ पॅलेटचा रझांसारख्या तरुणांवर परिणाम झाला. तेव्हा ही नदी आपल्याकडूनही वाहिलेली आहे.

आता मूळ वादाकडे. नावाशिवाय पाहणं खरंच शक्य आहे का? याचा एक प्रयोग आमच्यावर वयाने केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं आधी झालं, दुसऱ्याचं महिन्याभराने. त्या महिन्यात आमच्यापुढे दोन गाढी नद्या होत्या. जुन्या डोळ्याने पाहिलं की पिवळसर, दुधात हळद घातल्यासारखी. नव्या भिंगाने पाहिलं की डोंगर इतका निळा की खोटा वाटावा. मोतीबिंदूची काच पिवळी पडते आणि निळा प्रकाश अडवते, एवढंच कारण. मोने यांचंही असंच झालं. १९१२ मध्ये निदान, १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया, आणि नंतर रंग भलतेच दिसतात म्हणून तक्रारी. मग यातला ‘शुद्ध ठसा’ कुठला? उत्तर नाही. दोन्ही ठसेच आहेत.

नव्य-न्यायाने इथे फार शहाणपणाची भूमिका घेतली आहे. ते म्हणतात, निर्विकल्पक ज्ञान मानावं लागतं, पण ते तुम्हाला स्वतःला जाणवत नाही. त्याचं अनुमान करायचं असतं. म्हणजे ‘मी आता नावाशिवाय पाहतो आहे’ असं म्हणण्याची सोय नाही. आणि भर्तृहरी तर त्याहून पुढे जातो, शब्दाने ओवलेलं नाही असं ज्ञानच नाही म्हणतो. आमचं निरीक्षण असं की आमचे सर नदीवर ‘विचार करू नका, नुसतं पाहा’ असं कधीच म्हणत नाहीत. ते विचारतात, ‘सर, हा तुकडा त्याच्यापेक्षा गरम की थंड? गडद की फिका? हिरव्याकडे झुकतो की जांभळ्याकडे?’ हे सगळे शब्दच आहेत. शिकणाऱ्याचे शब्द कमी होत नाहीत, वाढतात. ‘पाणी’ या एका ढोबळ शब्दाच्या जागी पंधरा तुलना येतात. म्हणून आमचं मत, मराठीने केलेला ‘प्रत्यय’ हा शब्द फ्रेंच मूळ शब्दापेक्षा जास्त बरोबर आहे.

हे सगळं निरुपद्रवी वाटतं, पण आपल्या तालुक्यात ते तसं राहत नाही. गाढी सोडून आपण तळोज्याकडे गेलो की कासाडी नदी लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. त्यांचे फोटो जगभर गेले. रंगद्रव्यं वापरणाऱ्या एका कारखान्याकडे बोट गेलं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करायला लावला. आता पुठ्ठ्याच्या भोकातून ते कुत्रं पाहा. एक सुंदर फिकट निळा तुकडा, उन्हाच्या बाजूला किंचित हिरवट. दृक्‌प्रत्ययवाद्याला याहून चांगला विषय कुठला? नाव परत आणलं, की ‘हे कुत्रं आहे आणि हा रंग त्याच्या केसांना चिकटलेला आहे’, तेव्हाच पोटात ढवळतं.

हा पेच जुनाच आहे. मोने १८७१ ते १८७८ आर्जान्तईला राहत, होडीत स्टुडिओ थाटून सेन नदी रंगवत. त्याच काळात पॅरिसच्या नव्या गटारांचं मुख्य तोंड त्या गावाच्या वरच्या अंगाला, आनियेरजवळ, सेनमध्ये उघडत होतं आणि खालचे लोक घाणीबद्दल ओरडत होते. चित्रांत शिडं आहेत, ऊन आहे, मैला नाही. धूर मात्र आहे: २०२३ मध्ये दोन संशोधकांनी टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतला वाढता धूसरपणा त्या-त्या काळच्या लंडन-पॅरिसच्या हवेतल्या प्रदूषणाशी ताडून पाहिला आणि दोन्ही जुळतात असं मांडलं. आणि आपले हात तरी कुठे कोरडे? कोबाल्ट ब्लू, कृत्रिम अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, कॅडमियम यलो ही सगळी एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशाळांची देणगी आहे. १८४१ मध्ये जॉन रँडने रंगासाठी कथलाची नळी काढली, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावा लागे. नळी आणि कारखाना नसते तर नदीकाठी बसून चित्र काढणं फार अवघड गेलं असतं. म्हणून आमच्या गटात एक नियम सुरुवातीपासून आहे: टर्पेंटाइनची बाटली घरी परत न्यायची, एक थेंबही नदीत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी, त्या निवृत्त परिचारिका आहेत, कासाडीचं चित्र काढलं. पाण्यावरचा पांढरा फेस, त्यावर सकाळचं गुलाबी ऊन, मागे चिमण्यांच्या निळसर रेषा. काम उत्तम झालं होतं. एका लहानशा प्रदर्शनात ते लावलं तेव्हा खाली नाव होतं, ‘सकाळ’. येणारे जाणारे म्हणत, वा, काय धुकं आहे! एकांनी विचारलंसुद्धा, महाबळेश्वर का? दुसऱ्या दिवशी ताईंनी ती चिठ्ठी काढली आणि लिहिलं, ‘कासाडी नदी, तळोजा, सकाळी सात’. त्या दिवशी धुक्याचं नाव कोणी काढलं नाही. लोक जास्त वेळ थांबले. एक आजोबा अगदी जवळ जाऊन वास घेऊन आले.

मोने यांनी नेमकं उलट केलं होतं. कॅटलॉगसाठी नाव विचारलं तेव्हा हे काही ल आव्रचं दृश्य म्हणून खपणार नाही असं वाटून त्यांनी ‘इंप्रेशन’ घालायला सांगितलं. गावाचं नाव निघून गेलं, आणि बंदरातल्या याऱ्या आणि धुराडी प्रकाशात विरून गेली.

ताईंच्या कॅनव्हासवरचा एकही ठिपका रातोरात बदललेला नव्हता. दिङ्नाग म्हणेल, प्रत्यक्ष तेच राहिलं, बदलली ती कल्पना. भर्तृहरी म्हणेल, पहिल्या दिवशी तरी शब्दाशिवाय कोण पाहत होतं? तेव्हा ‘धुकं’ हा शब्द होताच. आम्ही भर्तृहरीच्या बाजूने आहोत. आमचे चित्रकार सर अजून दिङ्नागाच्या बाजूने आहेत, ते म्हणतात चिठ्ठी लावायचीच नाही. ताई दोघांचंही ऐकत नाहीत. त्यांनी त्याच जागेवरून त्याच नदीचं पावसाळ्यातलं दुसरं चित्र सुरू केलं आहे.

पुढच्या व्याख्यानात अनुमान. धूर आणि अग्नीचं उदाहरण आहेच, तेव्हा चिमण्यांकडे परत यावं लागेल. प्रश्न असतील तर आता घेऊ.